वडाच्या थाळीतली मोहरी

त्या बाईचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की माझं डोकं फिरतं, आणि या वयात डोकं फिरणं परवडत नाही. एवढंच सांगते की ती आमच्या ह्यांच्या साहेबाची बायको होती, पुण्याकडची होती, आणि तिनं माझा वड नेला होता.

एकाहत्तरच्या लढाईचं साल. आमचे हे जबलपूरच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात, भरणीच्या सेक्शनमध्ये होते. भरणी म्हणजे बाँबच्या पोटात बारूद भरणं. तिथल्या माणसांचे हात पिवळे पडायचे. साबणानं घासा, राखेनं घासा, जायचं नाही. ह्यांच्या तं कानाच्या पाळ्यासुद्धा पिवळ्या झाल्या होत्या. पोळीला बोटं लागू नयेत म्हणून चमच्यानं वरणभात खायचे, आणि मी तेवढा वेळ दुसरीकडे पाहत बसायची. सकाळी सायकल गेटकडे वळली की संध्याकाळी तिची घंटी ऐकू येईपर्यंत माझे कान दाराकडेच लागलेले असायचे. वर्षानुवर्षं हेच. कोणी विचारलं तं म्हणायची, मस्त आहे, सरकारी नोकरी आहे.

कारखान्याच्या इस्टेटमध्ये, म्हणजे आमच्या वसाहतीत, एक जुना वड होता. नवी शेड बांधली तेव्हा तो कारखान्याच्या तारेच्या कुंपणाआड गेला. मग वटपौर्णिमेला क्वार्टरांतल्या आम्ही मराठी बाया काय करणार? शहरातल्या घमापुरच्या बाजारातून तोडलेल्या फांद्या यायच्या, त्या पाटावर ठेवून पूजा. मला ते मुळीच पटत नसे. नवऱ्याचं आयुष्य मागायचं आणि पुढ्यात मेलेली फांदी? छे बाप्पा! घमापुरला माझ्या माहेरच्या कठड्याच्या फटीत वडाचं रोप उगवलं होतं, चार पानांचं. ते मी अलगद सोडवलं, तिथल्याच कुंभाराकडून एक उथळ थाळी करून घेतली, आणि त्यात लावलं. बाहेर ठेवलं असतं तं माकडांनी उपटलं असतं, म्हणून खोलीतल्या खिडकीत ठेवलं. दर दोन वर्षांनी मुळं कापायची, शेंडे खुडायचे. नऊ वर्षांत तो वीतभराचा झाला, पण खोड असं जाडजूड आणि दोन पारंब्या खाली उतरलेल्या. वटपौर्णिमेला आमच्या ओळीतल्या बाया माझ्या खोलीत यायच्या, आणि आम्ही त्या थाळीभोवती सूत गुंडाळायचो. तो वड हिरवा आहे तोवर ह्यांना काही होत नाही, असं मी मनाशी धरूनच बसले होते. हसा पाहिजे तं. नवऱ्याला बारुदात पाठवून पाहा, मग हसा.

त्या थाळीत वड एकटा नव्हता. आंबुशी उगवली होती, तिची ती तीन-तीन पानं, चावली की आंबट. एका बाजूला भुईआवळी. बुडाशी शेवाळ. मी काही लावलेलं नव्हतं, सगळं आपसूक आलेलं. मीही उपटत नव्हते, कारण आंबुशी माझ्या कामाची होती. उथळ थाळीतल्या वडाला तहान लागली तरी तो आठ दिवस कळू देत नाही, आणि कळतं तेव्हा पानं गळतात. आंबुशीचं तसं नाही. पाणी कमी झालं की तिनं दुपारपर्यंत मान टाकलीच. तिनं मान टाकली की मी तांब्या उचलायची. नऊ वर्षं आमचं असंच चाललं होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर साहेबांची बायको क्वार्टरांत आली. लढाई तोंडावर होती, ऑफिसर लोकांच्या क्लबात फुलाझाडांचं प्रदर्शन होतं, जवानांच्या मदतीसाठी. चांगल्या कुंड्या गोळा करत ती दारोदार हिंडत होती. माझ्या खिडकीशी थबकली.

"अगं बाई! हा तर बोन्साय! कोणी शिकवलं तुला?"

"कोणी काहून शिकवेल? आपणच वाढवला," मी म्हटलं.

"काहून!" ती हसायला लागली. "किती मजेशीर बोलता गं तुम्ही लोक. मराठी आहे का ही?"

मी गिळलं. साहेबाची बायको. आणि ह्यांचा अर्ज साहेबाच्या टेबलावर पडून होता, भरणीतून काढून स्टोअरमध्ये टाका म्हणून, दीड वर्षापासून. तिला ते माहीत होतं. "आठ दिवसांसाठी दे," ती म्हणाली, "मी साहेबांना तुमचंही सांगते." ह्यांनी मागून मला खूण केली, दे म्हणून. मी दिला. स्वतःच्या हातानं उचलून तिच्या जीपमध्ये ठेवला. याबद्दल मला तिच्याइतकाच माझाही राग येतो.

वडाला पहिलं बक्षीस मिळालं. कागदावर नाव तिचं. आठ दिवसांचे वीस झाले. मग चपराशी आला, बाईसाहेबांनी बोलावलंय. मला वाटलं वड न्यायला. गेले तं काय, ड्रॉइंगरूममध्ये रेडिओग्रामवर माझा वड, आणि पानं पिवळी! आंबुशी गायब, भुईआवळी गायब, शेवाळ खरवडून वर पांढऱ्या गोट्या पसरलेल्या. शेजारी तिनं बाजारातून आणलेल्या आणखी तीन कुंड्या, तशाच चकाचक. 

"माळ्याकडून सगळं गवत काढून घेतलं," ती म्हणाली. "घाण नुसती. पण आता हे असं का करतंय गं? तू असं कर, रोज अकराला येत जा. पाणी घालायचं, तण दिसलं की उपटायचं. तुला कळतं त्यातलं."

"बाईसाहेब, मी घरी नेते, महिन्याभरात ताजा करते."

"छे, पाहुणे येतात, विचारतात. इथेच बघ काय ते."

म्हणजे माझाच वड, तिच्या घरात, आणि मी त्याची मोलकरीण. नाक मुठीत धरून मी रोज अकराला जायला लागले. ह्यांचा अर्ज, ह्यांचा अर्ज, हेच घोकत जायची. रेडिओग्रामवर वडाशेजारी एक फोटो होता, वर्दीतला कोवळा पोरगा. तिचा धाकटा भाऊ, लेफ्टनंट. आईवेडा नाही, ताईवेडा आहे, असं ती सांगायची. त्याची पत्रं मला वाचून दाखवायची, एवढं मात्र करायची. मी ऐकत ऐकत तिच्या कुंड्यांतलं तण उपटायची.

मग लढाई लागली. ब्लॅकआउट सुरू झाला. कारखान्यात दोन-दोन पाळ्या, ओव्हरटाइम, हे अंधार पडल्यावर घरी यायचे. आले की मी रोज ह्यांची दृष्ट काढायची. मीठ, मोहरी, दोन लाल मिरच्या ह्यांच्यावरून उतरवायच्या आणि अंगणातल्या शेगडीत टाकायच्या. आता अंगणात विस्तव दिसला की गस्तवाल्याची शिट्टी वाजायची, "ए बहनजी, अंगीठी बुझाओ!" दृष्टीचं सामान जाळायचं कुठे? मी एका वाटीत ठेवत गेले. चार दिवसांचं साठलं. असलं घरात ठेवू नये, ते मलाही कळत होतं. पाचव्या दिवशी सकाळी मी ते पदराच्या टोकात बांधलं, जाता जाता तिठ्यावर टाकावं म्हणून. तेवढ्यात शेजारणीनं सांगितलं की आदल्या दिवशी भरणीत ह्यांच्याच रांगेतल्या एकाची दोन बोटं गेली. ह्यांनी मला सांगितलं नव्हतं. मी तिठा कधी ओलांडला ते कळलंच नाही, तशीच बंगल्यावर पोचले.

त्या दिवशी मी तोंड उघडलं. म्हटलं, बाईसाहेब, त्या अर्जाचं तेवढं पाहा. हात जोडते. आता तं बोटं जाऊन राहिली लोकांची.

ती नखं रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "अगं, सगळेच स्टोअरमध्ये गेले तर बाँब कोण भरणार? कोणीतरी भरायलाच हवेत ना!"

असं म्हणून ती आत गेली. मी उभीच. अंगाची नुसती आग आग झाली. समोर वड. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना तपकिरी कागद चिकटवलेले, म्हणजे त्याला उन्हाचा कवडसाही नाही. निम्मी पानं गळून पडलेली. मला वाटलं, हा वड जाणार, आणि ह्याच्यामागे आमचे हे जाणार, आणि ही बाई नखं रंगवत राहणार. पदराची गाठ हाताला लागली. मी ती सोडली, वडाची मुळं जळू नयेत म्हणून मीठ तेवढं बाजूला काढलं, आणि मोहरीचे दाणे आणि मिरच्यांचे तुकडे चारही कुंड्यांत गोट्यांखाली दाबले. ह्यांच्यावरून उतरवलेली सगळी इडापिडा. घे म्हटलं. तुझ्या घरात घे. भावाचा फोटो मला दिसत होता, खोटं कशाला बोलू? दिसत होता आणि तरी दाबले.

नंतर रोज नेत गेले. रात्री उतरवायचं, सकाळी तिच्या कुंड्यांत. घरी येताना पाय कसे हलके पडायचे! ह्यांना वाटायचं, बायकोला लढाईची भीती वाटत नाही, शूर आहे.

मोहरीच ती, तिसऱ्या दिवशी फुटली. उजेड नाही म्हणून रोपं लांबुडकी, फिकट, दोन-दोन पानांची, गोट्यांतून मान वर काढून कागदाच्या फटीकडे झुकलेली. चारी कुंड्या भरल्या. तिला आधी कौतुक. "बघ, काय नाजूक आलंय! हे नको उपटू, छान दिसतंय." मी म्हटलं, बरं बाईसाहेब. मनात म्हटलं, नाही उपटत. पाणी घालते.

आठवडाही झाला नसेल. एक दिवस गेले तं ती सोफ्यावर पांढरीफटक बसलेली. घर झाडायला येणारी बाई दाराशी तोंडाला पदर लावून उभी. तिनं कुंडी पुसताना गोट्या हलवल्या होत्या आणि खाली मिरच्यांचे तुकडे सापडले होते. मिरची आणि मोहरी, आमच्याकडच्या कोणत्याही बाईला सांगावं लागत नाही. "मेमसाब, यह तो उतारा है," ती म्हणाली होती, "किसी की बला आपके घर में बोई गई है." आणि भावाचं पत्र लढाई लागल्यापासून आलेलं नव्हतं.

साहेबीण उठली आणि तिनं माझे हात धरले. माझे! "तुला कळतं का गं यातलं? कोणी केलं असेल? तू भोळी आहेस, तुला कोणी काही दिलं होतं का इथे टाकायला?"

भोळी! एवढं करून ह्या बाईला माझा संशयसुद्धा आला नव्हता. माझ्यात तेवढं काळीज असेल असंच तिला वाटत नव्हतं. मी हात सोडवले.

"कोणी काहून देईल? मीच टाकलंय," मी म्हटलं. "आमच्या ह्यांच्यावरून उतरवलेलं. रोज टाकून राहिले."

तिचे डोळे पांढरे व्हायचे बाकी होते. मला वाटलं, आता चपराशाला बोलावेल, पोलीस आणेल. पण ती फोटोकडे पाहत होती. "माझा भाऊ तिकडे आहे," ती म्हणाली. "काढ ते. काय हवं ते घे, पण काढ."

"माझा वड."

"ने. आत्ता ने."

"मी नाही नेणार. मी आणून दिला होता, तुम्ही आणून द्या. आणि जीपमध्ये नाही. पायी."

आणि आणला तिनं. बंगल्यापासून आमच्या ओळीपर्यंत, भर दुपारी, रेशमी साडीत, थाळी दोन्ही हातांत धरून. नळावरच्या बाया भांडी घासायच्या थांबल्या. मी पुढे चालत होते, ती मागे. इतकं सुख मला लग्नातसुद्धा झालं नव्हतं, देवाशपथ. दारात तिनं थाळी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "अर्जाचं साहेबांना आजच सांगते." दोन दिवसांनी ह्यांची ऑर्डर निघाली. भरणीतून स्टोअरमध्ये. मी मोहरी मुळासकट उपटली, चारही कुंड्यांतली, आणि नाल्यात टाकून आले. वड खिडकीत ठेवला. खिडकीचा कागद मी दिवसा काढायची.

मला जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं. इथे थांबले असते तं आज ही गोष्ट मी नातींना हसत सांगितली असती.

लढाई आपण जिंकली. कारखान्याच्या गेटवर लाडू वाटले, भोंगा कितीतरी वेळ वाजत होता. हे लाडू खिशात घेऊन घरी आले आणि म्हणाले, साहेबांच्या घरी तार आलीय. बाईंचा भाऊ गेला.

दोन दिवसांनी मी भेटायला गेले. जाऊ नको, हे म्हणाले. पण आपण ज्या घरात रोज गेलो तिथे असं झाल्यावर जायला पाहिजे, मला एवढं कळतं. खरं सांगते, मी सांत्वन करायलाच गेले होते. माझं काळीज काही दगडाचं नव्हतं. रस्ताभर मला त्या पोराची पत्रं आठवत होती.

ती जमिनीवर बसली होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. मला पाहून रडली नाही. म्हणाली, "लढाई लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी गेला. आणि आम्हाला आत्ता कळतंय. मी इतके दिवस त्याला स्वेटर विणत होते."

दुसऱ्या दिवशी. माझ्या मनानं लगेच दिवस मोजले. मी पहिली मोहरी टाकली ती पाचव्या दिवशी. म्हणजे माझ्या मोहरीचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी तिच्याजवळ खाली बसले. सांगणारच होते.

तीच आधी बोलली. माझ्याकडे पाहून, अगदी हळू, जणू काही चूक दाखवून देत होती. "तुझा नवरा शाबूत राहिला. एका कामगारापायी माझा असा भाऊ गेला. असा सौदा देवानं तरी का करावा?"

मी बोलायला उघडलेलं तोंड मिटलं.

मग तिनं विचारलं. "खरं सांग. कधीपासून टाकत होतीस?"

तिला मोजता येत होतं. तिला तेवढा एक दिवस हवा होता, मला दिसत होतं. पाचवा म्हटलं असतं तं ती त्या क्षणाला मोकळी झाली असती. झाडाच्या हावेपायी आपण भावाला खाल्लं, हे जे तिच्या मनात बसलं होतं, ते तिथल्या तिथे उतरलं असतं. एक शब्द.

"लढाई लागली त्याच दिवसापासून," मी म्हटलं.

ती ओरडली नाही. नुसती मान हलवली, जणू तिला माहीतच होतं. मी उठले, पदर सावरला आणि घरी आले. ह्यांनी विचारलं, काय म्हणाल्या? काही नाही, म्हटलं, आणि कुकर लावला.

दोन-तीन महिन्यांत साहेबांची बदली झाली. त्यांचा नवा पत्ता ह्यांनी एका कागदावर लिहून आणला होता, दिवाळीला शुभेच्छा पाठवू म्हणून. तो कागद कितीतरी वर्षं डब्यांच्या फळीवर होता. आम्ही जबलपुरातच राइट टाउनला घर घेतलं तेव्हाही मी तो बरोबर आणला. हे साठीनंतर, आजारपणानं, स्वतःच्या बिछान्यात गेले. सगळे म्हणाले, भाग्याचं मरण आहे. बारा दिवस झाल्यावर मी कागद काढून बसले होते. लिहायला काय, एकच ओळ होती. मोहरी मी पाचव्या दिवशी टाकली, तुमचा भाऊ त्याआधीच गेला होता. पेन हातात होता. मग तिचं ते वाक्य आठवलं, एका कामगारापायी. मी कागद पुन्हा फळीवर ठेवून दिला.

आज ती ओळ लिहिली मी, इथे. पण ती बाई आता आहे की नाही, मला ठाऊक नाही.